कोरडी त्वचा, त्यात पिंपल्स: मुंबईच्या हवेत हलकं मॉइश्चरायझर कसं निवडायचं

नाशिकहून, नागपूरहून, सांगलीहून नोकरीसाठी मुंबईत आलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते. चेहरा धुतला की ओढतो, ओठांच्या कडेला आणि हनुवटीवर साल निघते, आणि त्याच हनुवटीवर दर थोड्या दिवसांनी नवा फोड. क्रीम लावलं तर फोड, नाही लावलं तर साल. रूममेट म्हणते, "पिंपल्स येतायत ना, मग काही लावूच नकोस." आई फोनवर म्हणते, "रात्री थोडी साय चोळ गं." माया दोघींचीही खरी, पण सल्ला दोघींचाही बाजूला ठेवा.

कोरडेपणा आणि पिंपल्स एकाच चेहऱ्यावर खुशाल एकत्र राहू शकतात, कारण दोघांची जागा वेगळी. पिंपल तयार होतो तो केसाच्या मुळाशी, रंध्राच्या आत: तिथे तेल साचतं, मृत पेशी चिकटून तोंड बुजतं, जिवाणू वाढतात आणि सूज येते. कोरडेपणा असतो तो सगळ्यात वरच्या थरात. तिथल्या पेशींच्या मधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड या स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात. हे लिंपण निघालं की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं काहीही झोंबायला लागतं. त्यात पिंपल्सची औषधं, म्हणजे बेन्झॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापॅलीन, सॅलिसिलिक अ‍ॅसिड, बहुतेकदा त्वचा कोरडी करतात. साल निघाली म्हणून लोक दोन आठवड्यांत औषध सोडतात, पिंपल्स परत येतात, आणि "मला काही लागूच पडत नाही" असं वाटायला लागतं. योग्य मॉइश्चरायझरचा मोठा उपयोग इथेच आहे: औषध सोसवतं, म्हणून टिकवता येतं.

आधी बघा, हा कोरडेपणाच आहे ना

ही पायरी गाळू नका, कारण दोन गोष्टी कोरडेपणाचं सोंग घेऊन येतात आणि मॉइश्चरायझर लावून बिघडू शकतात.

पहिली म्हणजे नाकाच्या दोन्ही कडा, भुवया आणि कपाळाची केसांकडची रेघ इथेच सुटणारा पिवळसर, किंचित तेलकट कोंडा. खाली त्वचा लालसर आणि डोक्यातही कोंडा. हा सेबोऱ्हिक डर्मटायटिस असण्याची शक्यता जास्त. त्यात मलासेझिया नावाच्या यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा, हात असतो आणि तेल चोळून तो कमी होत नाही.

दुसरी गोष्ट मुंबईच्या दमट हवेत बरीच दिसते. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारख्या बारीक पुळ्या येतात, काळे-पांढरे तोंड नसलेल्या, आणि मुख्य म्हणजे खाजणाऱ्या. घाम आला की वाढतात, पिंपल्सच्या नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. हेही त्याच यीस्टचं काम असतं, फक्त केसांच्या मुळाशी. नेहमीचे पिंपल्स दुखतात, पण सहसा खाजत नाहीत. खाज हे लक्षण असेल तर खरेदीआधी डॉक्टर.

हे दोन्ही नसेल, गालांवर ओढ आहे, हसताना त्वचा ताणते, पांढरी भुकटी दिसते, साधं पाणीसुद्धा चुरचुरतं, तर पुढे वाचा.

साबण आधी बदला, क्रीम नंतर

माझ्या मते अर्ध्याअधिक चेहऱ्यांचा प्रश्न इथेच हलका होतो, पण साबण बदलण्यात मजा नसते, म्हणून कोणी बदलत नाही. अंगाच्या वडीचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, साधारण ९ ते १० असतो, त्वचेचा पाचच्या आसपास. लोकलमधून घामाघूम होऊन आल्यावर दिवसातून तीन-चार वेळा त्याच वडीने चेहरा घासला, तर कितीही चांगलं क्रीम लावा, ते गळक्या हंड्यात पाणी भरण्यासारखं आहे. सौम्य, कमी फेस होणारा, वास नसलेला क्लेन्झर घ्या. सकाळ-संध्याकाळ दोनदा पुरे. मधल्या वेळी घाम आला तर नुसतं पाणी मारा आणि रुमालाने टिपा. घासू नका. ओढणीने कपाळ पुसायची सवय असेल तर तीही सोडा.

पाण्याचंही एक आहे. मुंबई महापालिकेचं पाणी सात तलावांचं, भातसा, तानसा, वैतरणा वगैरे, आणि साबणाला बरं. पण बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतात. त्यात क्षार जास्त असले की साबण नीट धुतला जात नाही आणि त्याचा थर चेहऱ्यावर राहतो. बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाशी पांढरा खर बसत असेल तर तुमच्याकडे तेच पाणी आहे. अशा घरात साबणाची वडी सोडण्याचं महत्त्व दुप्पट.

आणि डोक्याचं तेल. रात्री खोबरेल थापून झोपायचं, ते कपाळावर उतरतं, उशीच्या अभ्र्याला लागतं, अभ्र्यावरून गालाला. खोबरेल केसांना उत्तम, पण पिंपल्स येणाऱ्या चेहऱ्यावर रंध्रं बुजवणाऱ्यांत त्याचा नंबर वरचा. न्हाण्याआधी तासभर लावा, धुऊन टाका.

तुमचा दिवस कुठल्या हवेत जातो?

मुंबई दमट आहे म्हणून इथे त्वचा कोरडी पडणार नाही, असं समजणारे दिवसभर एसीत बसत नसावेत. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी खोलीतल्या हवेतूनच आलेलं असतं. बीकेसीत किंवा लोअर परळला ऑफिसात नऊ-दहा तास तशा सुकवलेल्या हवेत काढायचे, आणि पुढेमागे डोंबिवली किंवा विरारचा घामाचा प्रवास. म्हणजे एकाच दिवसात त्वचेला दोन हवामानं. नागपूरच्या कोरड्या थंडीत आवडलेलं जाड कोल्ड क्रीम इथे सकाळी लावलं तर दादरचा पूल चढेपर्यंत घामाबरोबर वितळून डोळ्यांत येतं, ते यामुळेच.

म्हणून दुकानात जायच्या आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा: एसीत किती तास, आणि पिंपल्ससाठी कोरडं करणारं काही लावता का? दोन्हींचं उत्तर "हो, बऱ्यापैकी" असेल तर नुसत्या पाणीदार जेलवर भागणार नाही. एसीत फार वेळ नसाल, औषध नसेल आणि दिवस फिरतीचा असेल, तर जेल पुरेसं.

लेबल वाचायला शिका

मी मुद्दाम ब्रँडची नावं देत नाही. कंपन्या डबा तोच ठेवून आतली कृती बदलतात, आणि एकाच नावाच्या क्रीमचे सुगंधी आणि बिनसुगंधी असे दोन अवतार शेजारी शेजारी असतात. त्यापेक्षा मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. दिसत नसतील तर फोनने फोटो काढून मोठा करा. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या.

आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कुठल्याही क्रमाने चालतात. मग ही एक टक्क्याची रेघ ओळखायची कशी? फिनॉक्सिएथेनॉल हे नाव शोधा. हे टिकाऊपणासाठी घालतात आणि त्याची कमाल मर्यादाच एक टक्का आहे. त्याच्या मागे जे काही लिहिलंय ते एक टक्क्याच्या आतलं. डब्यावर कोरफडीचं किंवा केशराचं मोठ्ठं चित्र आणि यादीत ते फिनॉक्सिएथेनॉलच्याही मागे, असं सर्रास सापडतं. मात्र काही घटक कमी प्रमाणातच काम करतात, उदाहरणार्थ हायलुरॉनिक अ‍ॅसिड (यादीत बहुधा सोडियम हायलुरोनेट म्हणून) आणि सेरामाइड. ते शेवटी दिसले म्हणून फसवणूक समजू नका.

शोधायचं काय? पाणी धरून ठेवणारं काहीतरी: ग्लिसरीन यात जुनं, स्वस्त आणि अजूनही सगळ्यात भरवशाचं. ते पहिल्या चार-पाच नावांत असावं. पॅन्थेनॉल असेल तर छान. मग फटी भरणारं काहीतरी: सेरामाइड (पुढे एनपी, एपी, ईओपी अशी अक्षरं असतात), कोलेस्टेरॉल, स्क्वालेन. आणि वरून पातळ झाकण घालणारं काहीतरी: हलक्या क्रीममध्ये हे काम बहुधा डायमेथिकोन करतं. हे एक सिलिकॉन, आणि सिलिकॉन म्हटलं की लोक दचकतात, "रंध्रं गुदमरतात" वगैरे. डायमेथिकोन रंध्रं बुजवत नाही, आणि घामाच्या शहरात चिकटपणा न वाढवता पाणी अडवणारं त्याच्याइतकं सोयीचं दुसरं थोडंच आहे. हा तिसरा घटक नसलेली "वॉटर जेल" एसीत तासाभरात उडून गेल्यासारखी वाटतात. कोरड्या त्वचेच्या माणसाने हलकं घ्यावं, पण झाकण असलेलं घ्यावं.

नायसिनामाइड असेल तर उत्तम, ४-५ टक्क्यांपर्यंत. त्वचेला स्वतःचं सेरामाइड बनवायला ते मदत करतं आणि पिंपल्सच्या डागांवरही थोडा उपयोग होतो. दहा टक्क्यांची जाहिरात असेल तर चुरचुरणाऱ्या चेहऱ्यावर आत्ता नको.

टाळायचं काय? खोबरेल (यादीत कोकोस न्यूसिफेरा ऑइल), कोको बटर, आयसोप्रोपिल मायरिस्टेट आणि आयसोप्रोपिल पामिटेट. शेवटचे दोन क्रीमला रेशमी सरक देतात, म्हणून बोटावर फार आवडतात. हे यादीत वरच्या बाजूला असतील तर डबा परत ठेवा. सुगंध, म्हणजे फ्रॅग्रन्स किंवा पर्फ्युम, शक्यतो नकोच. लव्हेंडर, संत्रं, लिंबू यांची तेलंही "नैसर्गिक" असली तरी झोंबायची ती झोंबतातच. टी ट्री तेलाने पिंपल्स कमी होतात म्हणून ते मॉइश्चरायझरमध्ये हवं, हा हिशोबही चुकीचा. आधीच सोललेल्या त्वचेवर ते आग करतं.

दोन नावांना उगीच घाबरतात. सेटिल किंवा सेटिअरिल अल्कोहोल हे मेणासारखं असतं, त्वचा कोरडी करणारं अल्कोहोल वेगळं. ते अल्कोहोल डिनॅट म्हणून लिहितात आणि ते वर असेल तरच काळजी. तसंच कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड नारळापासून काढलेलं असू शकतं, पण खोबरेलाचं जड फॅट त्यात राहत नाही. ते हलकं असतं आणि चालतं.

"नॉन-कॉमेडोजेनिक", म्हणजे रंध्रं न बुजवणारं, या शिक्क्याबद्दल एवढंच. अल्बर्ट क्लिगमन आणि ओटो मिल्स या अमेरिकी संशोधकांनी १९७२ साली सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या पिंपल्सवर लिहिलं, तेव्हा चाचणी सशाच्या कानावर होत असे. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी लवकर बुजतो. इंटरनेटवर फिरणाऱ्या ० ते ५ गुणांच्या याद्या बऱ्याच अंशी तसल्या चाचण्यांतून आल्या. शिवाय त्या सुट्या घटकाच्या आहेत, तयार क्रीमच्या नाहीत. हा शिक्का कुठली कंपनी कशाच्या आधारावर लावते, यासाठी कायद्याने ठरवलेली एकच चाचणी नाही. शिक्का असला तर बरं, पण यादी वाचायची सुटका नाही.

जेल, जेल-क्रीम की लोशन

जेल पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात बरं. जेल-क्रीम हे या लेखातल्या चेहऱ्यासाठी बहुतेक वेळा योग्य उत्तर, एसीवाल्यांसाठी तर नक्कीच. पातळ लोशन रात्री. जाड क्रीम आणि मलमं फक्त सोललेल्या जागी, ओठांच्या कडेला ठिपक्यापुरती. सगळ्या चेहऱ्यावर पेट्रोलियम जेली थापून झोपायचा जो प्रकार व्हिडिओंत दिसतो, तो थंड-कोरड्या देशांतला. इथे मे महिन्यात पंख्याखाली तो करून पाहू नका.

दुकानात

पहिल्यांदा सगळ्यात लहान ट्यूब घ्या. ५० ग्रॅमच्या डब्यापेक्षा १५-२० ग्रॅमची ट्यूब ग्रॅममागे महाग पडते, पण न मानवलेला मोठा डबा त्याहून महाग. बोट बुडवायच्या डबीपेक्षा ट्यूब किंवा पंप बरा. आपल्या बाथरूममधली ओल बघता विशेषच. उघड्या डबीच्या चित्रात १२एम किंवा ६एम लिहिलेलं असतं, ते उघडल्यानंतरचे महिने.

महाग म्हणजे चांगलं असं या प्रकारात अजिबात नाही. ग्लिसरीन, डायमेथिकोन, सेरामाइड या सगळ्यांचं गणित साध्या केमिस्टकडच्या क्रीममध्येही बसतं. परदेशी डबा स्वस्तात मिळत असेल तर त्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का पाहा. देशात बनलेल्यावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच आणि वापरायची मुदत. यातलं काही नसेल तर कितीही कोरियन दिसो, नको.

आणि काउंटरवरून "मॅडम, हे लावा, चार दिवसांत क्लिअर" म्हणून कोणी छोटी ट्यूब पुढे केली, तर आतलं औषध वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल ही स्टेरॉइड आहेत. चार दिवसांत चेहरा लख्ख होतो हे खरं. पुढे त्वचा पातळ होते, लाल होते, नवे पिंपल्स येतात आणि थांबवलं की भडका उडतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना, आयएडीव्हीएल, याविरुद्ध कित्येक वर्षं ओरडून सांगते आहे. असं काही आधीच महिनोन्महिने लावत असाल तर आपल्या मनाने झटकन बंद करू नका, डॉक्टरांकडे जाऊन करा.

घरी चाचणी, धीराने

कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा आठवडाभर लावा. लाली, खाज नाही? मग जबड्याच्या एका बाजूला आठवडाभर. मग चेहरा. या काळात दुसरं काही नवीन सुरू करू नका, नाहीतर गुन्हेगार कोण ते कळणार नाही.

दोन वेगळ्या प्रतिक्रिया असतात आणि त्यांची वेळ वेगळी असते. झोंबणं, लाली, खाज ही मिनिटांत किंवा दोन-चार दिवसांत दिसते. रंध्रं बुजून येणारे पिंपल्स मात्र आठवडे घेतात. म्हणून परवा लावलेल्या क्रीमने आज हनुवटीवर मोठा फोड आला असं सहसा नसतं, तो आधीच तयार होत होता. निकाल द्यायला सहा ते आठ आठवडे द्या. मात्र "आधी घाण बाहेर पडते, मग चेहरा सुधारतो" हे कोणी मॉइश्चरायझरबद्दल सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सुरुवातीला पिंपल्स वाढणं अ‍ॅडापॅलीनसारख्या औषधांत होतं, साध्या मॉइश्चरायझरमध्ये नाही. नव्या क्रीमने पिंपल्स दर आठवड्याला वाढतच असतील तर ते क्रीम तुमचं नाही.

लावायचं कसं

चेहरा धुऊन टिपला की ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत. दोन वाटाण्यांएवढं सगळ्या चेहऱ्याला पुरतं. गालांवर आधी, कपाळ-नाकावर उरलेलं. चोळायचं नाही, पसरायचं. सकाळी वरून सनस्क्रीन लागतंच, आणि तुमचं सनस्क्रीन क्रीमसारखं असेल तर जुलैच्या चिकचिकाटात सकाळचं मॉइश्चरायझर गाळलं तरी चालतं. दोन थर घामात गोळे होऊन निघण्यापेक्षा एक बरा.

रात्री अ‍ॅडापॅलीन असेल (ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं), तर चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्या, आधी मॉइश्चरायझर, मग औषध, मग पुन्हा थोडं मॉइश्चरायझर. सुरुवातीला एक दिवसाआड. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अ‍ॅडापॅलीन, रेटिनॉल वगैरे व्हिटॅमिन ए गटातले घटक बंद, आणि "नाइट क्रीम" म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांच्या यादीतही रेटिनॉल आहे का ते बघा. साधं मॉइश्चरायझर चालू ठेवायला हरकत नाही.

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे वारे आले की मुंबईतही आठवडा-दोन आठवडे हवा कोरडी होते. तेव्हा क्रीम बदलायची घाई नको. तेच दोनदा लावा किंवा रात्री जेल-क्रीमऐवजी लोशन घ्या.

डॉक्टर कधी

आतून दुखणाऱ्या गाठी, खड्डे पडायला लागलेले डाग, पाळी अनियमित असून जबड्यावर वाढणारे पिंपल्स, फुटलेली किंवा पाणी सुटणारी त्वचा, आणि वर सांगितलेली खाज. यांत मॉइश्चरायझरची निवड दुय्यम आहे. "स्किन क्लिनिक" अशी पाटी बघून आत शिरण्यापेक्षा डॉक्टरांची पदवी बघा, एमडी डीव्हीएल किंवा त्वचारोगातला डिप्लोमा. खाजगी फी परवडत नसेल तर परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर ही पालिकेची आणि भायखळ्याचं जे. जे. हे सरकारी, सगळीकडे त्वचारोगाची ओपीडी असते. सकाळी लवकर जा, केसपेपरची रांग मोठी असते. रांगेत उभं असताना वापरता त्या प्रत्येक वस्तूच्या मागच्या यादीचे फोटो फोनमध्ये एकत्र करून ठेवा, डोक्याच्या तेलासकट.